पेंडीच्या दुकानातला वर्ग

अप्पांना झटका आला तेव्हा मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होते. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष, विषय जीवरसायनशास्त्र. आईचा फोन आला आणि ती पलीकडून नुसतंच "ये, ये" म्हणत राहिली. अंगावरचा पांढरा कोट न काढताच मी रिक्षात बसले आणि शहरातल्या दवाखान्यात पोहोचले. अप्पा खाटेवर पडले होते. उजवा हात आणि उजवा पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे बाजूला ठेवलेले. मला बघून त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

गडमुडशिंगीत रस्त्याला लागून आमचं पेंडीचं दुकान. खाली दुकान, वर आम्ही. सरकी पेंड, गोळी पेंड, गव्हाचा भुसा, मक्याचा भरडा. सकाळी डेअरीत दूध घालून झालं की लोक तसेच किटल्या गाडीला अडकवून आमच्याकडे येतात. अप्पांचा माणसांशी बोलण्यावर जीव. पोतं उचलून द्यायला जेवढा वेळ लागेल त्याच्या तिप्पट वेळ ते गिऱ्हाइकाशी बोलत. म्हैस कधी व्याली, पोरगं कुठल्या शाळेत घातलं, उसाला तोड आली का, सगळं त्यांना माहीत असायचं.

दादा पुण्याला कंपनीत. तो रजा काढून आला, धावपळ केली, आणि परत जाताना मला म्हणाला, "थोडे दिवस तू बघ दुकान. काहीतरी सोय लावतो मी."

मी थोडे दिवस बघायला लागले. आई अप्पांचं सगळं करायची. आंघोळ, जेवण, कुशी बदलणं. तिला खाली यायला सवड नव्हती. माल उतरवून घ्यायचा, पावत्या करायच्या, कुणाची पेंड बुरशी लागलेली निघाली की त्याची बोलणी खायची, हे माझ्याकडे आलं. हजेरी बुडाली, मग प्रात्यक्षिकं बुडाली, मग परीक्षा. दारावरून शहरात जाणारी बस दर थोड्या वेळाने जायची. तिच्यात माझ्या वर्गातली एक मुलगी असायची. सुरुवातीला ती खिडकीतून हात करायची. नंतर तिचं शिक्षण संपलं आणि ती दिसेनाशी झाली.

वर्ष सरलं तरी दादाची सोय लागली नाही. गिऱ्हाइकं मला 'ताई'वरून 'शेठाची पोरगी' आणि मग नुसतंच 'शेठ' म्हणायला लागली. चेष्टेनं म्हणायची, पण मला ते लागायचं. आपण इथंच चिकटलो, ह्याची ती पावती वाटायची.

अप्पा दवाखान्यातून घरी आले त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या तोंडात एक शब्द आला. चाललंय. पूर्वी दुकानात कुणी "काय शेठ, काय म्हणताय?" असं विचारलं की ते म्हणायचे, "चाललंय की." तोच शब्द तेवढा उरला. पाणी हवं असलं तरी चाललंय. पाय दुखला तरी चाललंय. आईवर चिडले की दात आवळून, "चाललंय, चाललंय!" दुसरा शब्द काढायला जायचे, कपाळावर शीर उठायची, आणि बाहेर पडायचं तेच. ते स्वतःचंच ऐकून थांबायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे.

डॉक्टरांनी सांगितल्यावरून बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे आम्ही शहरात काही वेळा गेलो. त्या बिचाऱ्या गोड होत्या. कार्डावर आंबा, कार्डावर गाय, "काका, हे काय आहे?" साठीच्या घरातला धंदेवाला माणूस, त्याला गाय दाखवून नाव विचारलं जातंय. अप्पांनी एका दिवशी डाव्या हातानं कार्डं भिरकावली आणि त्यानंतर रिक्षात बसायलाच नकार दिला.

मी इंटरनेटवर शिकायला लागले ते अप्पांसाठी नव्हे. रागानं लागले. दुपारी दुकान ओस असायचं. ऊन रस्त्यावर पसरलेलं, पोत्यांचा आंबूस वास, आणि मी गल्ल्यावर. अशाच एका दुपारी मी फोनवर माझ्या बुडालेल्या विषयाचं नाव टाकलं. परदेशातल्या एका मोठ्या विद्यापीठानं आपले वर्गच्या वर्ग लोकांसाठी उघडे करून ठेवलेत हे मला तेव्हा कळलं. तासांचे व्हिडिओ, फळ्यावरची टिपणं, घरी करायचे प्रश्न, जुन्या प्रश्नपत्रिका. नाव नोंदवायला नको, फी नको. कुणीही यावं आणि शिकावं. मला आधी खरंच वाटेना. मी इकडंतिकडं बोट लावून बघत होते, कुठंतरी कुलूप असणारच म्हणून. नव्हतं.

पहिला तास लावला आणि रडायला आलं. विषयामुळं नाही. वर्ग बघून. उतरत्या बाकांचा मोठा वर्ग, पोरंपोरी बसलेली, कुणी उशिरा दार ढकलून येतंय, कुणी पाण्याची बाटली पाडतंय. प्राध्यापक फळ्यावर लिहिता लिहिता मागं वळून विचारायचे, "काही शंका?" आणि थेट माझ्याकडं बघायचे. मला शंका असायची. पण तो तास केव्हाच होऊन गेलेला. त्या वर्गातली पोरं एव्हाना नोकरीला लागून लग्नंबिग्नं करून बसली असतील. काचेला नाक लावून आतलं लग्न बघावं तसं मी बघत होते. सगळं दिसतंय, ऐकू येतंय, आणि हात वर केला तरी कुणाला दिसत नाही.

तरी मी सोडलं नाही. फोनवर पेंडीची पूड बसायची म्हणून तो मी दुधाच्या पिशवीत घालून बघायचे. मध्येच गिऱ्हाईक.

"ताई, गोळी पेंड दोन पोती. काय बघताय ओ, पिक्चर?"

"न्हाय, तास हाय."

"कसला तास?"

"कॉलेजचा."

"हितं बसून?" असं म्हणून तो हसायचा आणि पोतं खांद्यावर मारून जायचा. मी परत मागं ओढून वाक्य ऐकायचे.

इंग्रजी समजायला सुरुवातीला जड गेलं. खाली येणारी अक्षरं वाचत वाचत कान तयार झाला. माझ्या विषयाचे दोन अभ्यासक्रम मी असे पुरे केले. पुरे केले म्हणजे काय, कुणी विचारलं नाही, कुणी तपासलं नाही, हातात कागद आला नाही. मला बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी आईला विचारलं, "मुलीचं शिक्षण?" आई म्हणाली, "बी.एस्सी. झालीय. पुढचं अर्धं राहिलं." मी चहाचा ट्रे धरून उभी होते. 'राहिलं नाही, झालं' असं म्हणावंसं वाटलं. पण कुठल्या तोंडानं म्हणणार?

त्याच विद्यापीठाच्या यादीत खाली जाता जाता मला एक नाव दिसलं. भाषा आणि मेंदू. मी सहज उघडलं. शिकवणाऱ्या बाई वयस्क होत्या, केस पांढरे, आवाज सावकाश. पाचव्या की सहाव्या तासाला त्यांनी एक चित्रफीत दाखवली. एक गोरा म्हातारा खुर्चीत बसलेला. त्याला बायकोचं नाव विचारलं. त्यानं तोंड उघडलं, कपाळावर शीर उठली, आणि एकच निरर्थक शब्द आला. परत विचारलं, परत तोच शब्द. मग त्याला म्हणाले, वाढदिवसाचं गाणं म्हणा. आणि त्यानं ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न चुकता म्हटलं.

मी चित्रफीत मागं ओढून परत लावली. कारण हे मी रोज सकाळी बघत होते.

आम्ही लिंगायत; आमच्याकडं सकाळी आंघोळ झाली की लिंगपूजा. अप्पांचा तो नेम त्या दुखण्यातही चुकला नव्हता. डाव्या हातावर लिंग घेऊन ते बसायचे, आणि ज्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं त्याच्या तोंडातून सगळे मंत्र स्वच्छ बाहेर पडायचे. पूजा संपली की परत चाललंय. हे आईला लागलं होतं. ती मला एकदा भांडी घासता घासता म्हणाली होती, "देवासंगं बोलायला येतंय. माझ्यासंगंच येत न्हाय. एवढं काय केलंय मी त्यास्नी?" मलाही थोडंफार तसंच वाटत होतं.

फोनमध्ये त्या बाई सांगत होत्या की पाठ झालेलं, गाणं, मंत्र, शिवी, आकडे, हे मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. आणि स्वतः जुळवून बोलायचं ते वेगळ्या वाटेनं. ह्या रुग्णांची दुसरी वाट बंद झालेली असते. समजतं बरंचसं, बोलता येत नाही. माणूस आत असतो. बाईंनी हे वाक्य दोनदा म्हटलं. माणूस आत असतो.

मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि वर गेले. आई गॅसपाशी होती. मी तिला फोन दाखवला. तिला इंग्रजी येत नाही. ती पदराला हात पुसत नुसतं बघत राहिली. म्हाताऱ्यानं एकच शब्द परत परत काढला तेव्हा ती जवळ सरकली. गाणं सुरू झालं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला.

"ह्याचं बी तसंच हाय की गं."

"व्हय. तो काय बायकोवर रागवला न्हाय. आजारच तसला असतोय."

"बायको हाय त्याची जित्ती?"

"असंल की."

"तिला सांगितलं असंल न्हवं कुणी, की मुद्दाम करत न्हाय म्हणून?"

मी म्हटलं, सांगितलं असेल. आईनं गॅस बंद केला आणि अप्पांच्या खोलीत गेली. काय बोलली माहीत नाही. ती मलकापूरकडची, शाहूवाडीच्या डोंगरातली, भडाभडा बोलणारी बाई. त्या दिवशी बराच वेळ आतून तिचाच आवाज येत होता आणि मध्ये मध्ये अप्पांचं चाललंय.

मला वाटलं होतं की हे कळल्यावर काहीतरी सुटेल. आईचं सुटलं. ती परत त्यांच्याशी बोलायला लागली, भांडायलाही लागली. माझं उलटं झालं. आतापर्यंत अप्पा म्हणजे मला एक दुखणं वाटत होतं. आता दुकानात बसले तरी डोक्यावरच्या मजल्यावर कुणीतरी बंद खोलीत आहे आणि आतून दार वाजवतंय असं वाटायचं. दार उघडायचा उपाय शोधणं माझ्यावर आलं, कारण घरात ते वाचू शकणारी मीच. मी बाईंचे शेवटचा सोडून सगळे तास बघितले. टिपणं वाचली. शब्द गाण्याच्या चालीत म्हणून घ्यायची एक रीत होती, ती करून बघितली. डाव्या हातानं मांडीवर ठेका धरायचा आणि "पा-णी, पा-णी" म्हणायचं. दिवस चांगला असला की अप्पा प्रयत्न करायचे. ठेका बरोबर धरायचे. शब्द मात्र, "चाल-लंय."

एका तासाला बाई जाता जाता म्हणाल्या की दोन भाषा असणाऱ्या रुग्णांचं वेगळंच असतं. कधी दोन्ही एकदम येतात, कधी एकच, आणि कधी लहानपणीची, वापर सुटलेली भाषा आधी उठते. त्याबद्दल टिपणात वाचा, असं म्हणून त्या पुढं गेल्या. वर्गातल्या कुणीही त्यावर शंका विचारली नाही. मला इतका राग आला त्या पोरांचा! मी विचारलं असतं. मी त्या पानावर दिलेल्या पत्त्यावर ईमेलही लिहिला, चारदा खोडून इंग्रजी नीट करून. उत्तर आलं नाही. त्या कदाचित निवृत्त झाल्या असतील, कदाचित नसतीलही. टिपण मात्र उघडं होतं. मी ते वाचलं.

अप्पांचं लहानपण शिरोळच्या पलीकडं, सीमेवरच्या एका गावात गेलं. घरात कानडी. शाळा मराठी, धंदा मराठी, माझी आई मराठी. लग्नानंतर त्यांनी घरात कानडी बोलणं सोडून दिलं, आईला परकं वाटू नये म्हणून. आम्हा भावंडांना कानडीतले दहावीस शब्द यायचे, तेही अप्पांच्या बहिणीमुळं. तिला आम्ही कानडी रीतीनं अत्ती म्हणतो. ती अप्पांपेक्षा मोठी, विधवा, गावाकडंच असते. झटका आला तेव्हा दवाखान्यात येऊन रडून गेली होती, त्यानंतर गुडघ्यांमुळं आली नव्हती. मी दादाला फोन केला आणि म्हटलं, अत्तीला आण, महिनाभर ठेवू. तो म्हणाला, "तिचं करायला कोण आहे तिथं?" मी म्हटलं, "मी आहे. मी कुठं जातेय?"

अत्ती आली. तिला मी टिपणातलं काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, अप्पांशी कानडीतच बोल. ती म्हणाली, "मग काय इंग्रजीत बोलणाराय का मी?" आणि त्यांच्या खाटेशेजारी बसली ती उठेचना. "तम्मा" म्हणून हाक मारायची, म्हणजे धाकट्या भावा. लहानपणीच्या विहिरीबद्दल, मेलेल्या माणसांबद्दल, कुणाकुणाच्या भांडणांबद्दल बोलत राहायची. अप्पांचं तोंड तिच्याकडं वळलेलं असायचं. बरेच दिवस एवढंच झालं. मला वाटायला लागलं की टिपण आपलं टिपणच.

मग एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. अत्ती अप्पांच्या ताटात आमटी वाढत होती. तिचा हात सढळ, वाटी भरून वर यायला लागली.

अप्पा म्हणाले, "साकु."

कानडीत साकु म्हणजे पुरे. अत्तीला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिनं पळी मागं घेतली. आईनं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडात घास तसाच. अप्पा स्वतः ताटाकडं बघत होते, डोळे मोठे करून. मग त्यांनी हळूच परत म्हणून बघितलं, जमतंय का ते तपासल्यासारखं. "साकु." आणि हसायला लागले. अर्ध्याच तोंडानं हसता यायचं, लाळ गळली, आई ती पदरानं पुसत होती आणि स्वतःही हसत होती, रडत होती.

त्यानंतर शब्द एकेक करून आले. नीरु, पाणी. बा, ये. ब्याड, नको. सगळे कानडीतले. अत्ती परत गेली तोवर त्यांना पंधरावीस शब्द यायला लागले होते, आणि त्यांच्याशी बोलायचं तर आता मला कानडी शिकायला हवं होतं. तेही मी फोनवरच शिकले, आपल्याच देशातल्या एका संस्थेनं फुकट ठेवलेल्या धड्यांमधून. ते पुस्तकी कानडी ऐकून अप्पा डोक्याला हात लावायचे. चुकलं की डावं बोट नाचवायचे. कितीतरी वर्षांनी ते मला काहीतरी शिकवत होते.

सोपं झालं असं मात्र नाही. दुकान होतंच. मी आता दुकानात, वर अप्पांपाशी, परत दुकानात, अशी जिन्यावरून खालीवर करत होते. तिशी जवळ आली होती. बघायला येणारे कमी झाले होते.

अशात दादानं गिऱ्हाईक आणलं. पेंडीचं नव्हे, जागेचं. शहरातल्या एका माणसाला रस्त्यालगत दुचाकींचं शोरूम काढायचं होतं. आमची जागा त्याला पसंत पडली. दादाचं म्हणणं सरळ होतं. दुकान आणि घर दोन्ही विकायचं, आईअप्पांना तो पुण्याला घेऊन जाणार, आणि मी मोकळी. "तुला परत शिकायचंय ना? वसतिगृहात राहा. लग्न कर. काय हवं ते कर. मी तुझंच बघतोय यात." तो खरंच माझंही बघत होता. मी विद्यापीठात जाऊन विचारून आले. जुनी वर्षं धरता येणार नाहीत, पण नव्यानं प्रवेश घेता येईल, असं खिडकीतल्या बाईंनी सांगितलं. परत येताना बसमध्ये मी खिडकीची जागा धरली आणि आमचं दुकान जवळ आलं तेव्हा ते बाहेरून कसं दिसतं ते बघितलं. लहान दिसत होतं. एखाद्यानं सहज सोडून जावं असं.

जागा घेणारा तो माणूस पेढे घेऊनच आला. वर बैठकीत आम्ही सगळे. अप्पांना खुर्चीत बसवलेलं, अंगात धुतलेला सदरा. जागा त्यांच्या नावावर होती. दादानं आधीच सांगून ठेवलं होतं की सहीऐवजी अंगठा चालतो.

तो माणूस अप्पांकडं वाकून मोठ्यानं म्हणाला, बहिऱ्याशी बोलावं तसं, "काय शेठ! पसंत हाय न्हवं सगळं?"

अप्पांनी तोंड उघडलं. कपाळावर शीर उठली. "चाललंय."

"झालं तर मग! शेठ चाललंय म्हणाले." तो हसला. दादाही हसला, सुटल्यासारखा. आई पेढ्याचा बॉक्स हातात घेऊन माझ्याकडं बघत होती.

त्या क्षणी गप्प बसणं एवढंच मला करायचं होतं. कुणी मला काही विचारत नव्हतं. मला ती बस दिसत होती, ती प्रयोगशाळा. आणि ह्या घरात ते 'चाललंय' होकार नाही हे आईला आणि मलाच माहीत होतं. मला ते शिकवलेलं होतं. फुकट शिकवलेलं होतं, सातासमुद्रापलीकडच्या कुणीतरी, माझं नावही न विचारता.

मी म्हटलं, "तो शब्द त्यांचा न्हवं. नुसता तोंडात अडकलाय. त्यास्नी नीट विचारा."

दादा म्हणाला, "अगं काय विचारायचं? त्यांना काय कळतंय आता?"

"सगळं कळतंय."

मी उठून त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसले. माझ्या मोडक्या कानडीत म्हटलं, "अप्पा, अंगडी मारोणेनु?" दुकान विकायचं का?

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मनात म्हणत होते, हौदु म्हणा. हो म्हणा. अप्पा, एवढं एकदा हो म्हणा.

"ब्याड," अप्पा म्हणाले.

मग दादाकडं वळून, जरा मोठ्यानं, "ब्याडा!" आणि डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. कानडी न येणाऱ्यालाही कळावं असं.

तो माणूस पेढे ठेवून गेला. दादा संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत गेला. जाताना मला एवढंच म्हणाला, "तूच केलंस हे. आता मला फोन करून रडू नकोस." त्याचं खरं होतं.

पुढचे बरेच दिवस मी अप्पांशी बोलले नाही. जेवण नेऊन ठेवायचे आणि खाली यायचे. फोनवरचे तासही बंद केले. त्या मोकळ्या दारांचा, त्या "कुणीही या"चा मला संताप यायला लागला होता. ज्यांना उठून कुठंतरी जाता येतं त्यांना मोकळं दार कामाचं. मी त्यातून एवढं शिकले आणि शिकलेलं वापरून स्वतःच्या पायात खोडा घालून घेतला. गिऱ्हाईक आलं की मी खेकसायचे. एक ओळखीचे म्हातारे मला म्हणाले, "पोरी, पेंड देतीयास का शिव्या?"

शेवटी एका सकाळी पूजा झाल्यावर मीच त्यांच्यासमोर जाऊन बसले. "याक?" म्हटलं. का? एवढा एकच शब्द.

त्यांना कळलं मी काय विचारतेय. त्यांनी शब्द शोधायला घेतले. मी मदत केली नाही. बाईंनी सांगितलं होतं की अशा वेळी आपण वाक्य पुरं करू नये, थांबावं. मी रागानं थांबले होते, पण थांबले. खाली कुणीतरी "शेठ, ओ शेठ" म्हणून हाका मारून निघून गेलं. अप्पांच्या कपाळावर घाम आला.

"एल्ली," ते म्हणाले. कुठं. मग बराच वेळ काही नाही. मग, "होगलि."

कुठं जाऊ.

ते दोन शब्द त्यांनी पहिल्यांदाच स्वतः जुळवले होते. दादाच्या फ्लॅटमध्ये मी जाऊन आले होते. चौथा मजला, शेजारच्या दाराचं नावही माहीत नाही. तिथं कोण येणार होतं, ह्या माणसाच्या पंधरावीस शब्दांशी बोलायला? इथं निदान रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण वर बघून हात तरी करत होता. माझा राग गेला असं म्हणणार नाही. पण त्या खोलीत मी एकटीच कोंडलेली नाही हे मला दिसलं, आणि दिसल्यावर ते न दिसल्यासारखं करता आलं नाही.

आम्ही अप्पांना खाली आणलं. चार माणसांनी खुर्चीसकट उचलून जिन्यावरून उतरवलं. आता ते सकाळभर दुकानात गल्ल्याशेजारी बसतात. मी दुकान सोडलेलं नाही. प्रवेशही घेतलेला नाही. ह्या वर्षी घेईन असं दर वर्षी म्हणते. गल्ल्यावर बसून परत तास बघते, आता भाषेचेच. दादाचा फोन येतो, आईशी बोलतो, कधी कधी माझ्याशीही.

परवा त्या पांढऱ्या केसांच्या बाईंच्या अभ्यासक्रमातला शेवटचा तास मी बघितला. इतके दिवस मुद्दाम ठेवून दिला होता. बाईंनी परीक्षेच्या सूचना दिल्या, सगळ्यांना शुभेच्छा दिल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाकं वाजली, पिशव्या उचलल्या गेल्या, सगळे दारातून बाहेर पडले. कॅमेरा बंद करायला कुणीतरी विसरलं असावं. रिकामा वर्ग थोडा वेळ तसाच दिसत होता. मीही तो तसाच बघत बसले.

तेवढ्यात दारात एक तरुण शेतकरी येऊन उभा राहिला, नवाच, पहिल्यांदा आलेला. मी फोनमधून मान वर काढायच्या आत अप्पांनी त्याच्याकडं बघून डावा हात केला.

"पावणं," अप्पा मराठीत म्हणाले. मग श्वास घेऊन, "किती?"

"दोन पोती द्या, सरकी," तो म्हणाला, त्यात काही विशेष नसल्यासारखं, आणि पोतं उचलायला आत आला.